देवणीच्या माळावरचा ‘वाघसदृश प्राणी’

गेल्या उन्हाळ्यात वन्यजीवांवर संशोधन करणाऱ्या एक बाई माझ्या घरी आल्या. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पूर्वी कोणती हिंस्र जनावरं होती, याची त्या नोंद करत होत्या. त्यांच्या यादीत देवणीच्या परिसरापुढे ‘वाघ’ असं लिहिलेलं होतं आणि पुरावा म्हणून आमच्याच दैनिकातल्या एका बातमीची झेरॉक्स जोडलेली होती. ‘‘लांडग्याचा उल्लेख मात्र कुठंच सापडत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या भागात लांडगे नव्हतेच का?’’

मी सांगितलं की होते. वाघ नव्हता. जे लांडगे होते ते कागदावर वाघ झाले, आणि ते काम मी केलं. बाईंनी अदबीनं विचारलं की याला काही लेखी पुरावा आहे का. लेखी पुरावा त्यांच्या हातात होता आणि तो चुकीचा होता. माझ्या तोंडी सांगण्याला त्यांच्या रकान्यात जागा नव्हती. तेव्हा निदान इथं तरी झालं तसं लिहून ठेवतो.

मी नांदेडच्या एका दैनिकात बत्तीस वर्षं उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं नीट करणारा माणूस. बातमी त्याची नसते, नावही त्याचं छापत नाहीत. चूक मात्र त्याची धरतात, आणि ते बरोबरच आहे. तालुक्याच्या गावी आमचा वार्ताहर म्हणजे बहुधा आमचा पेपर विकणारा एजंटच असे. त्याचं किराणाचं नाही तर कापडाचं दुकान असे. गिऱ्हाइकाला साखर तोलता तोलता जे कळे ते तो कागदावर उतरवी, पाकिटात घाली आणि एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करी. आमचा शिपाई संध्याकाळी स्टँडवर जाऊन पाकिटं गोळा करून आणी. हिमायतनगरचं पाकीट वेळेवर येई. बिलोलीच्या पाकिटावर तेलाचे डाग असत. देवणीचं पाकीट उदगीरला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी पोचे.

या पाकिटांतून जनावरं फार येत. कुठं काही हललं की वार्ताहर ‘वाघ’ लिहीत. एकानं वर्षभरात तीनदा बिबट्या पाठवला, तेव्हा मी त्याला विचारलं, ‘‘तुम्ही स्वतः पाहिला का?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, पाह्यला असता तर बातमी द्यायला उरलो असतो का?’’ अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी एक पद्धत बसवली. जनावर कोणी खात्रीनं ओळखलेलं नसेल तर त्याच्यापुढे ‘सदृश’ लावायचं. बिबट्यासदृश, तरससदृश. हा शब्द म्हणजे आमच्या धंद्यातली ताडपत्री. खाली काय आहे ते न बघता वरून टाकता येते. मला त्या वेळी ती पद्धत फार काटेकोर वाटत असे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात होती. नवी कार्यालयं, नव्या पाट्या, नवे साहेब. कपाटं मात्र अजून जुन्या जिल्ह्यात होती. त्यातच लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. तळी आटली, माळावरचं गवत मुळासकट गेलं, ससे-हरणं पाण्यामागं कुठंतरी निघून गेली. त्या दिवसांत देवणीहून मन्मथअप्पांचं पाकीट आलं. अप्पांचं किराणाचं दुकान होतं, पंचवीस वर्षांपासून ते आमचे एजंट होते, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या वार्ताहरांत जनावराला वाघ न म्हणणारे ते एकटेच. त्यांनी लिहिलं होतं: देवणीजवळच्या एका गावी (गावाचं नाव मी इथं देत नाही) दिवस मावळताना लांडग्यांनी पिराजी धनगराच्या कळपात शिरून अकरा जनावरं मारली, सात मेंढ्या जागेवर पडल्या, चार कोकरं उचलून नेली.

मला ते पटलं नाही. मी नांदेड शहरात वाढलो, लांडगा कधी पाहिला नव्हता. पण टेबलाशी बसून मी असा विचार केला की लांडगा एखादं-दुसरं कोकरू नेतो, अकरा जनावरं मारणारा प्राणी मोठाच असला पाहिजे. शिवाय त्या दिवशी एक जाहिरात गळाली होती आणि पानावर दोन कॉलमांची जागा रिकामी होती. लांडग्यानं मेंढी नेली ही बातमी दोन कॉलम होत नाही. मी मथळा लिहिला: ‘वाघसदृश प्राण्याचा धुमाकूळ, अकरा मेंढ्या फस्त.’ त्यातलं ‘फस्त’ही चूक होतं. सात मेंढ्या न खाता पडल्या होत्या, आणि तसं अप्पांनी स्पष्ट लिहिलं होतं.

आठव्या दिवशी मन्मथअप्पा स्वतःच ऑफिसात आले. कपाळावर विभूती, हातात घडी केलेला आमचाच अंक. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

‘‘साहेब, मी काय लिवलो होतो?’’

‘‘लांडगा.’’

‘‘मग वाघ कुठून आणलाव?’’

‘‘वाघसदृश म्हटलंय, अप्पा. वाघ म्हटलेलं नाही.’’

‘‘सदृश गावात कोण वाचतंय? मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवतो, तर त्याचा अर्थ मलाच इचारतेत. वाघ तेवढा सगळ्यांला कळला.’’

मग त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पिराजीचं घराणं तीन पिढ्या त्या गावच्या मेंढ्या राखत होतं. त्याच्या स्वतःच्या वीस-बावीस. बाकीच्या सव्वाशे गावातल्या शेतकऱ्यांच्या. कोणती मेंढी कोणाची हे कानावरून ओळखायचं. प्रत्येक घरानं आपल्या जनावराच्या कानाला आपल्या खुणेचा काप दिलेला असे: गुंडेराव पाटलांचा उजव्या कानाला चिमट्यासारखा, दुसऱ्या कोणाचा डाव्या टोकाला आडवा. राखणीतलं जनावर मेलं की पिराजीनं त्याचा कान कापून मालकाला नेऊन दाखवायचा. कान दाखवला की विषय संपला. त्यावर कोणी चौकशी करत नसे.

‘‘सात कान दावला त्यानं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘चार कोकरांचे कुठून दावील? लांडगा मुंडकं ठेवून जातो का? आधी असं झालं की लोक म्हणायचे, गेलं असंल. औंदा तुमचा पेपर आला. वाघ म्हणून जंगलखात्याची जीप आली. साहेब लोकांनी माळ बघितला, आन् लिहून दिलं की वाघ न्हाई, कुत्र्यासारखे पाय उमटलेत. झालं. पाटील म्हणून राहिलेत की पिराजीच्या कुत्र्यांनीच मेंढ्या फाडल्या आन् चार कोकरं त्यानं उदगीरच्या बाजारात नेली. सोमवारी पारावर बसणार हायेत. राखण काढून घेतेत त्याची.’’

‘‘मी काय करू शकतो?’’

‘‘ते तुम्ही सांगा. मी तर लांडगाच लिवलो होतो.’’

मला राग आला. पहिल्यांदा अप्पांचा आला, कारण ते बरोबर बोलत होते. रजा टाकून मी दुसऱ्या दिवशी देवणीला गेलो.

पिराजी साठीचा होता, उंच, बोलायला सावकाश. त्यानं माझ्याकडं तक्रार केली नाही. ‘‘पेपरवाले साहेब हायती,’’ असं अप्पांनी सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘बरं.’’ मग मला आटलेल्या तळ्याच्या गाळापाशी घेऊन गेला. गाळ कडेला वाळून भेगाळला होता, पण मधे अजून ओलसर होता आणि तिथं पाय स्पष्ट उमटले होते. त्यानं काठीनं दाखवलं.

‘‘हे बघा. नखं दिसतेत का? वाघराची नखं चालताना आत असतेत, उमटत न्हाईत. हे नखाचं जनावर हाय.’’

‘‘कुत्र्याचीही नखं उमटतात.’’

‘‘उमटतेत की. माझं कुत्रं हे बघा.’’ त्यानं आपल्या कुत्र्याला हाक मारून गाळावरून चालवलं. त्याचा पाय गोल आणि पसरट उमटला, आणि चाल वेडीवाकडी. लांडग्याचा पाय लांबट होता आणि ठसे दोरी धरून मारल्यासारखे एका रेषेत गेले होते. हे पाहायला पाच मिनिटं पुरली. जीपमधून आलेल्यांनीही ते पाहिलं असणार.

‘‘अकरा कशी मारली एकाच वेळी?’’ मी विचारलं.

‘‘तीन होते. एक समोर टेकाडावर येऊन हुबा राहिला, निस्ता. कुत्री त्याच्यामागं गेली, मीबी गेलो. ती माझी चूक. दोघं मागून वगळीतून, सुक्या वढ्यातून आले. मेंढरू पळत न्हाई, साहेब, एकमेकाला चिकटून हुबं राहतंय. तसं हुबं राहिलं की लांडगं नरडं धरत जातंय, धरत जातंय. खायचं एक, पण थांबायचं त्याला कळत न्हाई. पोटाला लई दिवसाचं न्हवतं त्यांच्या.’’

त्याच्या बोलण्यात लांडग्याबद्दल राग नव्हता. मला ते विचित्र वाटलं आणि मी तसं म्हटलं. तो म्हणाला, ‘‘दरसाल दोन-चार कोकरं त्यांची असतेतच. माझ्या आज्जाच्या टायमालाबी होती. लांडगं हाय म्हणून तर लोक मला मेंढ्या देतेत. न्हाईतर कुणीबी राखंल.’’

तिथून मी ज्यांनी अहवाल दिला होता त्या कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते, नवीन होते, वागायला सौजन्यपूर्ण.

‘‘आम्हाला विचारलं होतं की वाघ आहे का. पाहणी केली. नाही. तसं कळवलं.’’

‘‘मग ठसे कोणाचे?’’

‘‘श्वानवर्गीय.’’

‘‘म्हणजे लांडग्याचे असू शकतात?’’

‘‘असू शकतात.’’

‘‘तेवढं लिहून द्याल?’’

त्यांनी एक फाइल उघडली. नव्या जिल्ह्यातल्या प्राण्यांची यादी त्यांनीच तयार केली होती. तीत लांडग्यापुढे आडवी रेघ होती. लांडगा आहे असं लिहायचं तर आधीची नोंद दाखवावी लागणार, आणि आधीच्या नोंदी जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी. मी तिथं फोन लावायला सांगितला. दीड तासानं लागला. तिकडून उत्तर आलं की देवणीकडचे कागद नव्या जिल्ह्याला पाठवून दिलेले आहेत. साहेबांनी मला पाणी दिलं आणि धीर देण्यासाठी म्हणाले, ‘‘असं बघा, तो लांडगा बहुतेक कर्नाटकातला असेल. राहतो तिकडं, इकडं नुसता येऊन जातो. तांत्रिकदृष्ट्या आपल्याकडे नाहीच.’’

मी लेखी मागणी दिली, पोच घेतली. ती पोच अजून माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही.

राहिला आमचा पेपर. खुलासा छापावा असं मी संपादकांना म्हटलं. ते म्हणाले, ‘‘मेंढ्यांसाठी खुलासा? उद्या कोंबड्यांसाठी मागतील.’’ मग अंक मागवून त्यांनी मथळा वाचला. ‘‘आपण वाघ म्हटलेलंच नाही. वाघसदृश म्हटलंय. चूक कुठं आहे?’’ मी अप्पांना दिलेलं उत्तरच त्यांनी मला दिलं होतं. तीन दिवस मी त्यांच्या मागं लागलो. रविवारी त्यांनी कंटाळून आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, चार ओळी मंजूर केल्या: देवणीजवळ मेंढ्या मारणारा प्राणी लांडगा असल्याचे आमचे वार्ताहर कळवतात, पूर्वीच्या वृत्तातील उल्लेख चुकीचा होता. ‘आमचे वार्ताहर कळवतात’ हे त्यांनी घातलं. म्हणजे चूक आमची आणि जबाबदारी मन्मथअप्पांची.

सोमवारी ज्या गाडीनं देवणीचा पेपरांचा गठ्ठा गेला त्याच गाडीनं मीही गेलो. चारच्या सुमारास गावातले पंधरा-वीस जण मारुतीच्या पारावर बसले होते. पिराजी खाली उभा. त्याच्यापुढे फडक्यावर सात कान वाळत पडलेले. कोपऱ्यात त्याची बायको. मधे गुंडेराव पाटील. पाटलांकडं देवणी जातीचा वळू होता, बक्षिसं मिळवलेला, आणि गावात ते कोणतंही बोलणं त्या वळूच्या मालकाच्या थाटातच बोलत.

अप्पांनी चार ओळी मोठ्यानं वाचल्या. दोनदा वाचल्या.

पाटील म्हणाले, ‘‘म्हणजे मागल्या आठवड्यात वाघ, ह्या आठवड्यात लांडगा. पुढल्या आठवड्यात काय छापतेत, अप्पा? मांजर?’’

लोक हसले. मी पुढं झालो. मी सांगितलं की ती चूक माझी आहे, अप्पांनी पहिल्यापासून लांडगाच लिहिलं होतं, आणि गाळातले ठसे मी स्वतः पाहिले आहेत.

‘‘तुम्ही लांडगं बघितलाव का, साहेब?’’ पाटलांनी विचारलं.

‘‘नाही. ठसे पाहिले.’’

‘‘आन् वाघ बघितला होताव का?’’

‘‘नाही.’’

‘‘न बघता वाघ लिवलाव, न बघता लांडगा लिवलाव. आमचा पिराजीबी तसाच हाय. चार कान न दावता म्हणतो, मेंढरं मेली.’’

एक म्हातारा म्हणाला, ‘‘पाटील, आजवर त्याच्या तोंडावर इस्वास ठेवलाव की.’’

‘‘आजवर जीप आली न्हवती. सरकारचा कागद हाय, कुत्र्याचे पाय म्हणून.’’

 आयुष्यभर मी वार्ताहरांना पाटलांचाच प्रश्न विचारत आलो होतो, पाहिलं का, आणि तो प्रश्न योग्यच होता. पिराजीला कोणी काही विचारलं नाही. त्यानं होऊनच सांगितलं, ‘‘पाटील, मी तुमच्या दारात ल्हानाचा मोठा झालो. चोर म्हणू नगा. राखण घ्या.’’ त्यानं फडकं उचललं नाही. लोकांनी त्याच संध्याकाळी कानांच्या खुणा बघून आपापली जनावरं वेगळी केली आणि घरी नेली. पिराजी आपल्या वीस मेंढ्या घेऊन बायकोबरोबर बिलोलीकडं, मांजरा नदीच्या काठाला निघून गेला. चोर हा शब्द कोणी मागं घेतला नाही.

यानंतर तीन आठवड्यांनी अप्पांच्या पाकिटातून दोन कागद निघाले. पहिला पाटलांनी सांगून लिहवलेला: गुंडेराव पाटील यांच्या गोठ्यातून त्यांच्या नामांकित वळूचे दोन महिन्यांचे वासरू वाघाने नेले. दुसरा अप्पांचा. मेंढ्या घरोघरी दावणीला गेल्यावर माळावर लांडग्यांना काही उरलं नाही, ते गावाच्या कडेपर्यंत येऊ लागले, पहाटे पाटलांच्या गोठ्यात शिरले, पाटलांच्या सुनेनं आणि दोन गड्यांनी ते पाहिले, तीन होते. खाली अप्पांनी लिहिलं होतं: ‘पाटील सांगतात वाघच लिहा. सुनेस बोलू नको म्हणाले आहेत. लांडगा म्हटलं तर पिराजीचं खरं होतं.’

मी अप्पांचा कागद जसा होता तसा लावला. एक कॉलम, ‘लांडग्यांनी वासरू नेले’, पाटलांच्या नावासकट. एक शब्द बदलला नाही. पाटलांनी पेपर बंद केला आणि अप्पांच्या दुकानातलं खातंही. या बातमीचं आणि त्या खुलाशाचं कात्रण कोणी ठेवलेलं नाही. वाघाचं सगळ्यांनी ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात, पाऊस बरा झाल्यावर, पिराजी मेंढ्या घेऊन त्याच वाटेनं परत चालला होता. अप्पा त्या दिवशी गावात होते. पुढचं त्यांनी सांगितलेलं आहे. पाटील स्वतः वेशीपर्यंत गेले. शेतात खतासाठी मेंढ्या बसव म्हणाले. पिराजीनं एक रात्र बसवल्या. सकाळी पाटलांनी आपल्या उरलेल्या मेंढ्या सोडून त्याच्यापुढे आणल्या. झालं गेलं काही बोलले नाहीत. ‘‘घे, राख आता,’’ एवढंच म्हणाले.

पिराजी म्हणाला, ‘‘न्हाई, पाटील. मला लांडग्यातलं राखता येतं. तुमच्याकडं वाघ हाय.’’

आणि तो गेला. पाटलांना दुसरा राखणदार मिळाला नाही, इतरांनाही नाही. दोन-तीन वर्षांत गावातल्या मेंढ्या बाजारात गेल्या, माळाची नांगरट झाली, तूर आली. लांडगे त्याच सुमारास दिसेनासे झाले असावेत. नक्की कधी, ते सांगता येत नाही. लांडगा दिसला नाही अशी बातमी कोणी पाठवत नाही, आणि मीही कोणाकडून ती मागवली नाही.